राखण

वडूजच्या ख्रिस्ती मंडळीला दोन वर्षं पाळक नव्हता. लढाई पेटलेली, त्यामुळं मिशन दुसरा पाळक पाठवीना. तरी मंडळी फुटली नाही, कारण रिबकाबाईनं ती फुटू दिली नाही. "रिबका, शलमोन तापट आहे. त्याला सांभाळून घे, मंडळी एक ठेव," असं जुन्या पाळकसाहेबांनी तिला एकटीला सांगितलं होतं. हे तिनं कुणाजवळ बोलून दाखवलं नव्हतं. बाईमाणसानं पुढं उभं राहून शास्त्र वाचू नये, असं मंडळीतला हा शलमोन चारचौघांत म्हणाला, तेव्हा तिनं मुकाट्यानं बायबल त्याच्या हातात दिलं. पुढच्या रविवारी त्यानंच ते तिला परत आणून दिलं, याचं तिला नवल वाटलं होतं.

अखेर नवा पाळक आला. आपली राखण संपली, हे सांगायला ती संध्याकाळी जुन्या पाळकसाहेबांच्या कबरीवर गेली. तिथं शलमोन आधीच गुडघे टेकून बसला होता.

"सांभाळली जी मंडळी," तो कबरीला सांगत होता. "त्या रिबकालाबी सांभाळून घेतलं, तुमी म्हनला हुता तसं."

रिबकाला रागच आला. "आवं दादा, तुमाला कवा म्हनले त्ये?"

शलमोन खाली बघूनच म्हणाला, "खोटं वाटंल तुला. त्यास्नी माती देऊन घरी आलो, तवा त्येच दारात उभं हुतं."

रिबका त्याच्याशेजारी गुडघे टेकून बसली. त्याच सांजेला, मातीहून येऊन तिनं चूल पेटवली, तेव्हा ते तिच्या चुलीपुढं येऊन बसले होते.