पायाळू

गोंडराजांनी सावली गावच्या शिवारात पुरलेलं सोनं पायाळू, म्हणजे पायाकडून जन्मलेल्या, माणसालाच दिसतं, हा सोमाजीचा सिद्धान्त होता. वर्षभर वावर खोदून त्याला मात्र कमरेतली उसणच सापडली होती; तीही म्हणे पायाळूचा पाय लागला की जाते. सोनोग्राफीत सून नूतनच्या पोटातल्या बाळाचे पाय खाली दिसताच त्यानं पेढे वाटले. कळा सुरू होताच गावची आशा सेविका दीपिका गाडी घेऊन आली. “भाऊ, डोकं अडकलं तं पोर मरते. नूतनले आपरेशनले नेऊ द्या.” “पोट फाडून काढलेलं पोर पायाळू होत नाई, बाई,” सोमाजी म्हणाला. “पायानंच येऊ दे.” पोर पायानंच आलं, गळ्यापर्यंत आलं आणि अडकलं. दीपिकाच्या हातातले इवले पाय लाथा मारत राहिले, मग गार पडले. नूतन वाचली. पोराला पुरायला सोमाजीनं कुदळ उचलली आणि कण्हत खाली ठेवली. “बाई, उसण खड्डा खोदू देत नाई. तेवढा पायाळूचा पाय कमरेले लावून द्या.”