झडपेवरची तार

बासष्ट साली राधानगरी धरणातल्या वाफेच्या लाँचवर आम्ही दोघंच असायचो. मी बॉयलर सांभाळायचो, सर्जेराव सुकाणू धरायचा. लाँच जोरात पळावी म्हणून त्यानं जादा वाफ सोडणारी झडप तारेनं आवळून टाकली होती. ते बघितलं आणि माझं टाळकंच फिरलं.

"बॉयलर फुटला तर माझी हाडं कोण गोळा करणार रं?" म्हणत मी तार सोडवून पाण्यात भिरकावली.

भर पाण्यात वाफेचा काटा लाल खुणेपुढं गेला, तरी झडप उघडेना. बघतो तर तार पुन्हा आवळलेली.

"सर्ज्या, परत बांधलीस व्हय?"

"जागचा हाललोबी न्हाय की मी!"

चिडून मी तारेला हात घातला. तापलेल्या बॉयलरवर ती गारठलेली होती, निथळत होती.

मी गाठ सोडवायला लागलो, तशी ती माझ्या बोटांखाली आणखी आवळत गेली.