नायलॉनची चिंधी

"कात्री दे इकडे," डर्व्हला म्हणाली. "ती वर यायच्या आत उरकून टाकू."

बर्नीने कात्री पाठीमागे लपवली. "नको गं बाई! दुसऱ्याची चिंधी काढली की त्याचं दुखणं आपल्याला लागतं. माझी आजी सांगायची."

"लागू दे. सत्तरी आली तरी माझे दोन्ही गुडघे ठणठणीत आहेत. एक तिच्या वाटचा दुखला तर काही मरत नाही मी."

बाकीच्या बायका हसल्या. कात्री डर्व्हलाच्या हातात आली.

फेब्रुवारीची पहिली तारीख होती. हिवाळ्याची पाठ मोडली की ब्रिजिडच्या विहिरीवर जमायचं, हा या बायकांचा नेम. मे महिन्यात, ऑगस्टमध्ये, नोव्हेंबरमध्येही त्या यायच्या, ऋतू बदलला की. ब्रिजिडला कुणी संत म्हणतं, कुणी त्याच्याही आधीची देवी म्हणतं. तो वाद बायकांनी फादरसाठी सोडून दिला होता. त्यांना विहिरीशी मतलब. सुती चिंधी पाण्यात बुडवायची, दुखतं तिथे फिरवायची आणि काठावरच्या काटेरी झाडाला बांधायची. पावसापाण्यात चिंधी कुजत जाते, तसतसं दुखणं ओसरतं. आणि या क्लेअर परगण्यात पावसाला काय तोटा! बर्नीची पाठ दोन हिवाळ्यांत बरी झाली होती.

बरा होत नव्हता तो अट्रॅक्टाचा गुडघा. चार वर्षांपूर्वी ती दूरच्या मेयो परगण्यातून इथे राहायला आली, एकटीच. बोलायची कमी, पण चहा झाला की सगळ्यांचे कप हीच विसळायची. विहिरीचा नियम तिला नीट समजावून सांगितला होता, तरी पुढच्या खेपेला बाईंनी काय आणावं? लाल, चकचकीत नायलॉनची पट्टी! बाकीच्यांच्या चिंध्या सडल्या, गळून पडल्या. ही जशीच्या तशी. दर खेपेला अट्रॅक्टा लंगडत वर यायची, आधी त्या पट्टीपाशी जायची, बोटांनी चाचपायची, गाठ आवळायची.

"अगं, नायलॉन कुजेपर्यंत तुझी नातवंडं म्हातारी होतील," बर्नी ओरडायची. "गुडघा बरा होणार कसा?"

अट्रॅक्टाही हसायची. "असू दे गं. पण हात नका लावू तिला," एवढंच म्हणायची.

आता तिला काठीशिवाय चढ चढवत नव्हता. दवाखान्यातून ऑपरेशनची तारीख काही येत नव्हती. डर्व्हलाला ते बघवेना. भिडस्त बाई, स्वतःहून काही मागायची नाही, म्हणजे आपणच पुढे व्हायला हवं. तिने नवऱ्याच्या जुन्या सदऱ्याची मऊ सुती पट्टी फाडून आणली होती. पाणी तिचं तिने लावावं, फांदी तेवढी मोकळी करून ठेवू, असा बेत होता.

कात्री चालली. लाल पट्टी डर्व्हलाच्या तळहातावर पडली. चार हिवाळे झेलूनही तिचा रंग उतरला नव्हता.

तेवढ्यात वळणावर काठी वाजली.

"ये, ये!" बर्नीने हाक दिली. "तुझ्या गुडघ्याची वैरीण पकडलीय आम्ही!"

अट्रॅक्टाने नेहमीप्रमाणे आधी झाडाकडे पाहिलं. मग डर्व्हलाच्या हाताकडे. ती होती तिथेच थांबली.

"परत बांध ती."

"अगं, पण नायलॉन आहे. शंभर वर्षं कुजायचं नाही."

"ठाऊक आहे मला. म्हणून तर निवडली." अट्रॅक्टाचा आवाज अगदी खाली गेला. "गुडघ्याची नाही ती, डर्व्हला. माझ्या लेकाची, कॉनलची आहे. शाळेच्या संघात गोलकीपर होता. अकराव्या वर्षी गेला. त्याच्या जर्सीची आहे ही."

बर्नीला आपली नातवंडांवरची थट्टा आठवली आणि तिने तोंड फिरवलं.

"मेयोत सगळे मला सांगायचे, दुःख जाईल, हळूहळू जाईल," अट्रॅक्टा म्हणाली. "मला ते जायलाच नको होतं. त्याचं म्हणून तेवढंच उरलंय माझ्याकडे. इथे तुम्ही म्हणालात, चिंधी कुजली की दुखणं जातं. मग मी न कुजणारी आणली."

बर्नीच्या आजीचं खरं निघालं. दुसऱ्याचं दुखणं डर्व्हलाला लागलं, फक्त गुडघ्यात लागलं नाही. डोळ्यांतल्या पाण्याने तिला फांदी धड दिसेना. बर्नीने पुढे होऊन फांदी खाली ओढून धरली, काटे टोचले तरी सोडली नाही. कापल्यामुळे पट्टी आखूड झाली होती. डर्व्हलाने कशीबशी गाठ मारली.

"अजून एक मार," अट्रॅक्टा जवळ येऊन म्हणाली. "वारा फार असतो इथे."

डर्व्हलाने दुसरी गाठ मारली, आणि न सांगता तिसरी. मग सुती पट्टी ती गुपचूप खिशात कोंबायला लागली. आपल्या शहाणपणाची तिला फार लाज वाटत होती.

अट्रॅक्टाने ते पाहिलं. तिने हात पुढे केला.

"ती कुठे लपवतेस? आण इकडे." काठीवर भार देत ती वाकली, पट्टी विहिरीच्या पाण्यात बुडवली आणि गुडघ्यावरून सावकाश फिरवली. "हा बरा झाला तर चालेल मला."