नदीपलीकडच्या बकऱ्या
साम्राज्यांशी युद्धे सत्यासाठी होतात, असे थोर कवी सांगतात. आमच्या अरब टोळीचे दुधासाठी झाले. दुष्काळात उंटिणी आटल्या होत्या आणि आमच्यातल्या जुंदबची तान्ही लेक आता रडतही नव्हती. एरवी अशा वेळी आम्ही शेजारच्या टोळीची जनावरे पळवायचो. पुढल्या वर्षी ते आमची पळवायचे. यंदा दोन्ही टोळ्या मुसलमान झाल्या होत्या. “भावांना लुटायचं नाही, शपथ घेतलीय,” जुंदब म्हणाला. “मग पोरीला शपथ पाजू?” बायकोने दुधाची सुकलेली कातडी पिशवी त्याच्या अंगावर फेकली. “नदीपलीकडचा इराणी शहेनशहा कधीपासून तुमचा भाऊ झाला?” “अगं, त्याच्याकडे हत्ती आहेत!” “हत्ती नकोत. बकऱ्या आणा.” आम्ही नदी ओलांडली, पहारेकरी कापला आणि कळप हाकत परतलो, मागे शहेनशहाच्या घोडदळाची धूळ उठली होती. जुंदबची बायको पोरीला घेऊन धारेला बसली. बकऱ्या एकजात भाकड होत्या.