ते डोकं

गाडी. ती गाडी.

बर्फ. तो बर्फ.

डोकं. ते डोकं.

पाय. तो पाय. दोन असले तर ते पाय.

वीर हॉस्पिटलच्या खुर्चीत मावत नव्हता. त्याचा कोट त्याच्या आईने, रेखाने, मांडीवर घेतला होता. कोट कसला, गोधडीच. डॉक्टर चैत्राली पुण्याच्या निघाल्या, तेवढाच तिला धीर.

वीर अमेरिकेत फुटबॉल खेळायचा. तिकडचा, हेल्मेट घालून, चेंडू हातात धरून पळण्याचा. पण चेंडू त्याच्या वाट्याला कधी आला नाही. तो ऑफेन्सिव्ह लाइनमन. चेंडू ज्याच्या हातात, त्याच्यापुढे उभं राहायचं आणि अंगावर येणाऱ्याला डोक्याखांद्यानं थोपवायचं. नऊ हंगाम त्याने हेच केलं. त्याचे वडील, जयंत, इंग्लंडात, मिल्टन कीन्सच्या मराठी मंडळात सांगायचे, आमचा पोरगा पगारी भिंत आहे. सगळे हसायचे.

आता चौतिसाव्या वर्षी तो किटली फ्रिजमध्ये ठेवायचा. परवा घराजवळच्या राउंडअबाउटला गाडी घेऊन फिरतच राहिला. बाहेर कुठे पडायचं ते आठवेना.

डॉक्टरांनी स्कॅन बाजूला सारला. डोक्यावरच्या धक्क्यांनी मेंदूचं असं एका दिवसात होत नाही, म्हणाल्या. सुरुवात कधी झाली ते कळायला हवं. क्लबकडे काही नोंद नव्हती. वीरला विचारलं, तर तो आईकडे बघून हसला.

"काकू, डोकं दुखतं असं तो कधी म्हणाला होता?"

"छे. दर रविवारी फोन करायचा. लपवणाऱ्यातला नाही हो तो."

मग बोलणं काय व्हायचं? रेखाने सांगितलं, मराठी. ती रविवारची मराठी शाळा चालवायची. इथे जन्मलेल्या पोरांचं तो-ती-ते हमखास चुकतं, वीरचं तर प्रत्येक वाक्यात. तो बोलायचा, ती सुधारायची, सुधारलेलं वाक्य त्याच्याकडून पुन्हा म्हणवून घ्यायची. तिकडे एवढा मोठा झाला, पण कधी कंटाळला नाही.

बोलता बोलता तिचा कोटावरून फिरणारा हात थांबला.

"ते डोकं," वीर म्हणाला. वर्गात पहिलं उत्तर आल्यासारखा.

तिसऱ्या हंगामातल्या एका रविवारी त्याने "आई, माझी डोकं खूप दुखते" हे वाक्य चार वेळा म्हटलं होतं, आणि चौथ्यांदा ते "माझं डोकं खूप दुखतं" असं बरोबर आल्यावर रेखाने "शाब्बास" म्हणून फोन ठेवला होता.