चौघी बाहेर, एक आत

"पांगा गं, पांगा!" कोच मॅडम ओरडल्या आणि पाचही मुली होत्या त्याहून जवळ आल्या.

बॉल पुन्हा समोरच्या संघाकडे गेला. मॅडमनी कपाळाला हात लावला. त्यांच्या बरोबर मागे, हॉलच्या पायऱ्यांवर, शिडीचे बाबा बसले होते. "अहो मॅडम, एका ताटात जेवायला बसल्यात का या?" ते म्हणाले आणि स्वतःच हसले. त्यांच्या शेजारी त्यांची चष्मा लावलेली थोरली मुलगी बसली होती.

शिडी म्हणजे संघातली एकमेव उंच मुलगी. बाकीच्या तिच्या खांद्यालाही लागत नव्हत्या. अशा संघाला कुठली चाल बसवायची यावर मॅडमनी सगळं सत्र डोकं खपवलं होतं. भराभर पळवून खेळवावं, तर शिडीला धावताना पास झेलता येईना. सावकाश खेळवावं, तर बाकीच्यांचा बॉल हिसकावला जाई. शेवटी एक चाल मनासारखी जमली. चौघी बाहेर, एक आत. चार बुटक्यांनी लांब पांगायचं, समोरच्या मुलींना आपल्यामागे बाहेर ओढायचं आणि बास्केटखाली मोकळ्या राहिलेल्या शिडीला लांबून बॉल फेकायचा. पाटीवर मार्करनं काढली तेव्हा ती इतकी सोपी दिसली की मॅडमनी घरी जाऊन नवऱ्यालाही ऐकवली. त्यालासुद्धा कळली.

मुलींनाच तेवढी कळेना. लांबून फेकलेला बॉल शिडीच्या खांद्यावर आपटे, एकदा तर थेट नाकावर. "हातांना तेल लावून येतेस का गं?" मॅडम म्हणत. शिडी हसून वेळ मारून नेई. मग बाकीच्या हळूच सरकत तिच्याजवळ येत. कप्तान होती लवंगी, अंगानं आणि तोंडानंही मिरचीच. ती आधी टाळी वाजवी, मग अगदी जवळून टप्पा देऊन बॉल शिडीच्या हातात पोचवी. तसा मिळाला की शिडीचा नेम सहसा चुकत नसे. पण घोळक्यातून बॉल तिच्यापर्यंत पोचायलाच मारामार. मॅडमनी समजावून सांगितलं, आरडाओरडा केला, फेऱ्या मारायला लावल्या. मुली माना डोलवत आणि पुन्हा आपला घोळका.

आज उपांत्य सामन्यातही तेच चाललं होतं. मॅडमचा संयम संपला. त्यांनी शिडीला बाहेर बोलावलं आणि बदली मुलीला आत पाठवलं.

आणि चौघी पांगल्या. कुणी न सांगता, पाटीवर काढल्या होत्या तश्शा. लांब, मोकळ्या, चौघींचे चार कोपरे. मॅडम बघतच राहिल्या. म्हणजे यांना येत होतं! मग इतके दिवस काय माझी परीक्षा बघत होत्या? पण बास्केटखाली आता बुटकी मुलगी होती. तिच्या डोक्यावरून बॉल काढून घेतला गेला आणि गुणांचा फरक आणखी वाढला.

सगळा राग शिडीवर निघाला. "बघ जरा बोर्डाकडे! किती मागे आहोत?"

शिडीनं मान वर केली. डोळे बारीक करून तिनं समोरच्या भिंतीकडे बराच वेळ पाहिलं. "खूपच," ती म्हणाली.

समोरच्या भिंतीवर जुन्या विजेत्यांच्या नावांचा फळा होता. गुणांचा बोर्ड दारावर होता, लाल आकड्यांनी चमकत.

मॅडमनी वळून पाहिलं. बाकावरच्या मुली आपापल्या बुटांकडे पाहत होत्या. सगळ्यांना ठाऊक होतं, मॅडमखेरीज. त्यांनी टाइमआउट घेतला. लवंगी धापा टाकत आली आणि मॅडमचा चेहरा बघूनच काय ते समजली.

"लांबचा बॉल तिला दिसत नाही, मॅडम," ती हळूच म्हणाली. "जवळून दिला की घेते. टाळी वाजवली की तिला कळतं, बॉल येतोय."

"अगं, मग घरी सांगायचं ना!"

लवंगीनं पायऱ्यांकडे नजर टाकली. "हिच्या ताईला चष्मा लागला तेव्हा काकांनी तिचा खेळ बंद केला. काच फुटून डोळ्यात जाईल म्हणाले. परत मैदानावर पाऊलसुद्धा टाकू दिलं नाही."

"मला बसवू नका, मॅडम," शिडी म्हणाली. एवढंच.

मॅडमना स्वतःची लाज वाटली. नाकावर बसलेला तो बॉल आठवला, ते तेल आठवलं. सामना संपला की मागे पायऱ्यांवर बसलेल्या या माणसासमोर बसून सगळं सांगावं लागणार होतं. डोळ्यांचा प्रश्न होता, गप्प बसून चालणार नव्हतं. आणि सांगितलं की काय होणार, ते चष्मा लावून त्याच्या शेजारीच बसलं होतं. मनधरणी करता येईल, हातापाया पडता येईल. पण तो ऐकेल याची खात्री नव्हती. त्यांनी पाटीवरची चाल तळहातानं पुसली आणि शिडीला आत पाठवलं.

शिडी बास्केटखाली जाऊन उभी राहिली. चौघी सवयीनं तिच्याकडे सरकल्या आणि मध्येच थबकल्या. मॅडमकडे बघू लागल्या.

"झाला पुन्हा घोळका!" मागून बाबा कळवळून म्हणाले. "अहो मॅडम, ओरडा ना, पांगवा त्यांना! शेवटची दोन मिनिटं राहिलीत!"

मॅडम उठल्या. दोन्ही हात तोंडाशी धरून, होता नव्हता तेवढा आवाज काढून ओरडल्या, "जवळ या गं! अजून जवळ!"