फेकलेलं तिकीट

कावासाकीच्या रेसकोर्सवर लोकांनी फेकलेली पैजेची तिकिटं मी गोळा करते. दिवसाकाठी एखादं जिंकलेलं निघतं. नेहमी पैसे लावायला येणाऱ्या हागिवारासाहेबांना माझी किळस येते. आज त्यांनी पैसे लावलेला घोडा जरासा मागे राहून दुसरा आला, तसं निकाल पक्का व्हायच्या आधीच त्यांनी तिकीट माझ्या तोंडावर फेकलं.

"घे म्हातारे, चघळ."

मग पहिला आलेला घोडा बाद झाला, आणि साहेबांचा पहिला ठरला.

"आजी, माझं तिकीट दिसलं का हो तुम्हाला?"

"इथंच कुठंतरी पडलं असेल. शोधा."

त्याच तिकिटाचे पैसे खिडकीवरून घेऊन मी परतले, तरी साहेब गुडघ्यांवर बसून कचरा चिवडतच होते.

"नवशिके दिसताय, साहेब," मी म्हटलं. "हातानं नाही, बुटाच्या टोकानं उलटवायची. कंबर धरत नाही."